आधी वीज, मग वेग

दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन बाजार समितीत पोचते आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या हजारो घरांना चार पैशांचे दर्शन घडते. त्या पैशांचे वाटेकरी मात्र आधीच दारात बसलेले असतात. कृषी सेवा केंद्राची उधारी असते, सोसायटीचे कर्ज असते, लेकीच्या कॉलेजची फी असते, पावसाळ्यात गळलेले छप्पर असते. या जुन्या वाटेकऱ्यांच्या पंगतीत अलीकडे एक नवा पाहुणा येऊन बसला आहे. त्याचे नाव ‘गेमिंग पीसी’. अकरावी-बारावीतला किंवा नुकताच कॉलेजात गेलेला मुलगा हळूच विषय काढतो, “बाबा, साठ-सत्तर हजारात होते.” बाप क्षणभर गप्प राहतो आणि मग एकच प्रश्न विचारतो, “अभ्यास बी होते ना त्याच्यावर?” मुलगा जोरात मान हलवतो. येथवरचा संवाद खामगावापासून मेहकरापर्यंत सगळीकडे सारखाच.

आता हिशेब पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे ७० हजारांचा संगणक म्हणजे १३ क्विंटलांहून अधिक सोयाबीन, आणि तेही पदरात पुरता हमीभाव पडला तर! कोरडवाहू दोन-अडीच एकरांचे अख्खे पीक एका पेटीत जायचे. अशी खरेदी त्या घरात पाच-सात वर्षांत पुन्हा होणार नाही. म्हणूनच ‘कोणता खेळ किती वेगाने चालेल?’ या प्रश्नाच्या आधी दुसरा प्रश्न विचारला पाहिजे : हे यंत्र आपल्या गावच्या विजेवर, आपल्या गावच्या उन्हाळ्यात, पाच वर्षे बिनतक्रार चालेल का? दुकानात पहिला प्रश्न सगळे विचारतात. दुसरा फारसा कोणी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर झगमगत्या खोक्यांवर छापलेले नसते.

या लेखाचे सांगणे थोडक्यात असे आहे. खेळाचा संगणक भिंतीतल्या प्लगापासून निवडत आत जावे. आधी वीज, मग वारा, मग समतोल आणि सर्वांत शेवटी वेग. दुकानातली रीत नेमकी याच्या उलट आहे, आणि पैसे बुडतात ते तिथेच.

जुळणीचे यंत्र कमी प्रतीचे नसते

कंपनीच्या बंद पेटीतला संगणक खात्रीचा आणि सुटे भाग आणून जुळवलेला, म्हणजे ‘असेंबल’ केलेला, तो कमअस्सल, अशी एक समजूत आपल्याकडे रुजली आहे. तिला उत्तर आपल्या वऱ्हाडातच सापडते. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात मुरंबा नावाचे गाव आहे. डॉ. विजय भटकर यांचा जन्म १९४६ साली तेथे झाला. १९८० च्या दशकात अमेरिकेने आपले क्रे बनावटीचे महासंगणक भारताला देण्यावर निर्बंध घातले, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था उभी राहिली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्याची युक्ती काय होती? एक प्रचंड, दुर्मीळ प्रोसेसर मिळत नाही ना, मग बाजारात मिळणारे लहान प्रोसेसर घेऊन ते एकमेकांशी नीट जोडायचे. इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ‘ट्रान्सप्युटर’ नावाच्या ६४ चिप त्यात जोडल्या होत्या. यंत्राचे मोठेपण जुळणीत होते.

त्या परमची कमाल क्षमता सेकंदाला सुमारे १ अब्ज गणिती क्रियांची होती. २०२३ मध्ये बाजारात आलेले आरटीएक्स ४०६० हे मध्यम किमतीचे ग्राफिक्स कार्ड कागदोपत्री सेकंदाला सुमारे १५ लाख कोटी क्रिया करते. दोन्हीकडच्या मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत, त्यामुळे ही तुलना अगदी काटेकोर नाही. तरीही आकडा थक्क करणारा आहे. चिखलीच्या किंवा नांदुऱ्याच्या घरात येणारी ती पेटी खेळणे म्हणून आली, तरी ताकदीने खेळणे नव्हे, एवढे बापानेही लक्षात ठेवावे.

कोण काय काम करतो

पेटी उघडली की आत सात-आठ मंडळी राहतात. प्रोसेसर हा घराचा कारभारी. खेळातले नियम, शत्रूच्या हालचाली, कोणाला गोळी लागली आणि कोणाला नाही, हा सगळा हिशेब तो ठेवतो. ग्राफिक्स कार्ड हा चितारी. कारभाऱ्याने सांगितलेला प्रसंग तो पडद्यावर रंगवतो. रॅम म्हणजे कामाचा ओटा, एसएसडी म्हणजे कोठार. मदरबोर्ड म्हणजे सर्वांना बांधून ठेवणारा वाडा. ज्याला दुकानदार ‘एसएमपीएस’ म्हणतात तो वीजपुरवठ्याचा डबा म्हणजे स्वयंपाकघर. त्याच्याकडे पाहुण्यांचे लक्ष जात नाही, पण ते बिघडले की सारे घर आजारी पडते.

चितारी किती मोठा हवा, हे पडद्यावर ठरते. साध्या ‘फुल एचडी’ पडद्यावर १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. खेळ डोळ्यांना सुरळीत दिसायला सेकंदाला निदान ६० चित्रे लागतात. म्हणजे दर सेकंदाला १२ कोटींहून अधिक ठिपके रंगवायचे, आणि एका चित्राला वेळ मिळतो सेकंदाचा साठावा भाग. ‘फोर-के’ पडद्यावर ठिपके चौपट होतात, म्हणून चितारीही तेवढाच दांडगा आणि महागडा लागतो. मध्यम ऐपतीच्या माणसाने फुल एचडी पडदा आधी नक्की करावा. पुढचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

वीज : पाया

आता भिंतीकडे वळू. आपल्या घरातल्या विजेचा ठरलेला दाब २३० व्होल्ट. तो प्रत्यक्षात किती असतो हे मोटारपंपवाल्या शेतकऱ्याला आणि संध्याकाळी मंद होणाऱ्या दिव्याला चांगले ठाऊक आहे. दाब कमी होतो, एकाएकी चढतो, लाईट जाते आणि येताना झटका देऊन येते. बल्ब हे सोसतो. संगणकाच्या आतल्या चिप मात्र १२ व्होल्टांवर आणि त्याहूनही कमी, एक-सव्वा व्होल्टावर चालतात. बाहेरचा हा उनाड प्रवाह घेऊन आत शिस्तीचा, एकसारखा प्रवाह देणे हे एसएमपीएसचे काम.

स्वस्त जुळणीत पहिली काटकसर याच डब्यावर होते. ‘४५० वॅट’ असे ठळक छापलेला डबा नगण्य किमतीत मिळतो, कधी कॅबिनेटबरोबर फुकटही मिळतो. खामगाव ही रजतनगरी. तेथे चांदी घेताना माणूस कस पाहिल्याशिवाय गाठोडे सोडत नाही. मग या डब्याचा कस कसा पाहावा? पहिली गोष्ट, त्याच्या अंगावरचा तक्ता वाचावा. १२ व्होल्टांच्या ओळीत किती अँपिअर दिले आहेत ते पाहून त्याला १२ ने गुणावे. उत्तर छापलेल्या वॅटांच्या जवळपास आले तर डबा बोलतो तसा वागणारा असण्याची आशा आहे. ४५० वॅटच्या डब्यावर १२ व्होल्टांच्या ओळीत १६ अँपिअरच असतील, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. बाकीचे ४५० च्या फुगवट्यात गेले. दुसरी गोष्ट, ‘८० प्लस’ ही खूण पाहावी. २००४ पासून चालत आलेली ही परीक्षा आहे. तिच्यातल्या ब्राँझ पायरीचा डबा निम्म्या भारावर भिंतीतून घेतलेल्या विजेतली सुमारे ८५ टक्के कामाला लावतो. पण ही परीक्षा काटकसरीची आहे, टिकाऊपणाची नव्हे. म्हणून तिसरी गोष्ट, वॉरंटीची वर्षे पाहावीत. पाच वर्षांची हमी लिहून देणारा बनवणारा आणि सहा महिन्यांची देणारा, यांतला फरक सांगायला तज्ज्ञ लागत नाही. चौथी गोष्ट, १०० ते २४० व्होल्टांपर्यंतचा दाब चालतो असे लिहिलेला डबा घ्यावा. संध्याकाळी दाब १७० वर घसरला तरी तो आपले काम सोडत नाही.

किती वॅट हवेत? आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात. रायझेन ५ ५६०० हा प्रोसेसर भर कामात सुमारे ७६ वॅट घेतो. बाकी सर्वांना मिळून ५० धरा. बेरीज झाली २४०. चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा डबा त्याला सुखाने पुरतो, आणि पुढेमागे कार्ड बदलले तरी चालतो. निकृष्ट ७५० पेक्षा प्रामाणिक ५५० केव्हाही बरा.

यानंतर अर्थिंग. संगणकाच्या पत्र्याच्या पेटीला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात, अशी तक्रार आपल्याकडे घरोघरी ऐकू येते, आणि ‘रबरी चप्पल घाल’ हे तिचे घरगुती उत्तर. कारण असे की एसएमपीएसमध्ये विजेची खरखर गाळण्यासाठी जी छोटी कपॅसिटरे बसवलेली असतात, त्यांच्यातून थोडासा प्रवाह पेटीच्या पत्र्यावर येतो. तो जमिनीत जावा म्हणून प्लगाला तिसरी, जाड पिन दिलेली असते. भिंतीतल्या त्या तिसऱ्या भोकामागे तारच नसेल, तर पत्र्यावर सुमारे निम्मा दाब उभा राहतो आणि बोटाला झिणझिण्या येतात. म्हणून संगणक घरी येण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. मीठ-कोळशाचा जुना खड्डा असेल तर वैशाखात तो कोरडा पडतो. त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावे. ७० हजारांच्या यंत्राला इतका स्वस्त विमा दुसरा नाही.

तिसरा पहारेकरी यूपीएस. येथे व्हीए आणि वॅट यांची गल्लत होते. ‘६०० व्हीए’चा साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. वर काढलेल्या २४० वॅटांत पडद्याची भर घातली तर तो काठावर पोचतो. १,००० व्हीएच्या आसपासचा यूपीएस घ्यावा. त्यावर खेळत बसायचे नसते. पाच-दहा मिनिटांत काम साठवून यंत्र नीट बंद करायचे, एवढ्यासाठीच तो असतो. त्याची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च आधीच धरावा. घरात इन्व्हर्टर असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा आहे का ते पाहावे, आणि त्याच्या अंगावर ‘यूपीएस’ असे बटण असल्यास ते त्या बाजूला ठेवावे. कारण लाईट गेल्यापासून बॅटरी लागेपर्यंतचा क्षण महत्त्वाचा असतो. पूर्ण भारावर चांगला एसएमपीएस सुमारे १६-१७ मिलिसेकंद आपल्या पोटातल्या साठ्यावर तग धरतो. त्याहून उशीर झाला की संगणक बंद पडलाच.

मृगाच्या आधी वळवाचा गडगडाट सुरू झाला की कोणत्याही उपकरणावर विसंबू नये. प्लग काढावा, आणि इंटरनेटची तारही काढावी. वीज त्या वाटेनेही येते.

ऊन आणि धूळ

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगरावर बसले आहे, त्यामुळे तेथे थोडी तरी हवा. खाली पूर्णेच्या खोऱ्यात, मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगावकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. संगणकाच्या जाहिरातीतली तापमाने मात्र बहुधा २०-२५ अंशांच्या थंड खोलीत मोजलेली असतात. पंखा काही हवा गार करत नाही. तो खोलीतलीच हवा फिरवतो. म्हणून गणित सरळ आहे : खोली २० अंशांनी तापली की आतली चिपही जवळजवळ तेवढीच अधिक तापते. परदेशात ६५ अंशांवर चालणारा प्रोसेसर येथे ८५ वर जातो. बहुतेक प्रोसेसर ९० ते १०० अंशांच्या दरम्यान स्वतःच वेग कमी करून जीव वाचवतात. म्हणजे जास्त पैसे देऊन विकत घेतलेला वेग भर मे महिन्यात तसाच पडून राहतो!

यावर उपाय दोन. पहिला, कमी वीज खाणारे भाग घ्यावेत. जेवढी वीज आत जाते तेवढीच उष्णता होऊन बाहेर येते. ११५ वॅटचे कार्ड आणि २५० वॅटचे कार्ड यांतला फरक आपल्या खोलीत शेगडीइतका जाणवतो. दुसरा, कॅबिनेट जाळीच्या तोंडाचे घ्यावे. पुढून दोन पंखे हवा आत घेतील आणि मागून एक बाहेर टाकेल अशी रचना हवी. पुढे काचेचे बंद दार आणि आत सात रंगांचे दिवे, ही शोभा लग्नाच्या मांडवात ठीक. आपल्याकडे हवा खेळणे महत्त्वाचे.

विदर्भात ‘कूलर’ म्हटले की खिडकीतला पाण्याचा कूलर. त्याची ओली झुळूक थेट संगणकाच्या पेटीवर येऊ देऊ नये. खोली गार झाली की यंत्राला पुरते. धुळीचे म्हणाल, तर आपला भाग कापसाचा. जिनिंगच्या दिवसांत हवेतले तंतू पंख्यांच्या पात्यांवर आणि जाळ्यांवर नमद्यासारखे बसतात. महिन्यातून एकदा जाळी झटकावी. तीन महिन्यांतून एकदा यंत्र बंद करून, प्लग काढून, पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअरने धूळ उडवावी. तीन-चार वर्षांनी प्रोसेसरवरचा लेप, ज्याला थर्मल पेस्ट म्हणतात, तो नवा करून घ्यावा. बैलाला खरारा आणि पंपाला ग्रीस विसरत नाही, तसेच हे.

द्वंद्व समास

पाया झाला. आता कारभारी आणि चितारी यांची जोडी. येथे मला व्याकरणाची आठवण होते. तत्पुरुष समासात दुसरे पद प्रधान असते, द्वंद्व समासात दोन्ही पदे सारख्या मानाची असतात. खेळाचा संगणक हा द्वंद्व समास आहे. एक पद थोर आणि दुसरे दुबळे असले की अर्थ बिघडतो. प्रोसेसर हळू असेल तर महागडे कार्ड पुढचा प्रसंग कधी मिळतो याची वाट पाहत बसते. कार्ड हळू असेल तर अतिवेगवान प्रोसेसरचा हिशेब पडद्यावर उमटत नाही. एक खिल्लारी आणि एक थकलेला बैल जुंपला की औत थकलेल्याच्याच चालीने चालते.

समतोल जोडीची उदाहरणे द्यायची तर, ६ गाभ्यांचा रायझेन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय५ १२४००एफ, दोन्ही २०२२ चे, यांच्याबरोबर आरटीएक्स ४०६० किंवा रेडिऑनचे आरएक्स ७६०० हे २०२३ चे कार्ड. नव्या पिढीत जायचे असेल तर २०२५ मध्ये आलेली आरटीएक्स ५०६० आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही कार्डे आहेत. कार्डाची स्वतःची मेमरी निदान ८ जीबी असावी. आरएक्स ९०६० एक्सटीचा १६ जीबीचा अवतारही निघतो. पाच वर्षांचा विचार असेल आणि थोडे पैसे वाढवता येत असतील, तर ते येथे वाढवावेत. बाजारात त्या दिवशी जे मिळेल त्यावर नावे बदलतील, तत्त्व बदलत नाही.

सर्वांत नवे म्हणजे सर्वांत भरवशाचे, असे समजू नये. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील काही मोठे प्रोसेसर खेळताना अचानक बंद पडू लागले, तेव्हा २०२४ मध्ये कंपनीने आपल्याच सूचनावलीतील दोषामुळे त्यांना जास्त व्होल्टेज मिळत असल्याचे सांगितले, सुधारणा दिली आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. जगातल्या नामांकित कंपनीचीही अशी गत होते. म्हणून वस्तू बाजारात येऊन वर्षभर होऊ द्यावे. तेवढ्या काळात तिचे गुणदोष जगजाहीर होतात आणि किंमतही बहुधा खाली येते.

रॅम १६ जीबी घ्यावी, पण ८-८ च्या दोन पट्ट्या. दोन पट्ट्या लावल्या की प्रोसेसरला दोन वाटा मिळतात. एकच १६ ची पट्टी लावली तर एक वाट बंद राहते आणि खेळ विनाकारण अडखळतो. यात एक खोच आहे. पट्टीवर छापलेला वेग आपोआप लागू होत नाही. मदरबोर्डच्या बायोसमध्ये ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्स्पो’ नावाची ओळ चालू करावी लागते. पैसे वेगाचे दिले आणि यंत्र वर्षानुवर्षे सावकाश चालवले, अशी उदाहरणे कमी नाहीत. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भराभर चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणक-केंद्रांनी मेमरीची मागणी वाढवली आणि त्याची झळ आपल्या तालुक्याच्या दुकानापर्यंत पोचली. कापसाचा भाव जसा आपल्या हातात नाही, तसाच हाही नाही.

एसएसडी निदान १ टीबीचा घ्यावा. हल्ली एकेक मोठा खेळ १०० जीबीच्या पुढे जातो. ५० एमबीपीएसच्या जोडणीवर १०० जीबी उतरवायला जवळजवळ साडेचार तास लागतात, तेही वीज आणि जोडणी दोन्ही टिकली तर. जागा कमी म्हणून खेळ काढायचा आणि पुन्हा उतरवायचा, हा उद्योग गावाकडे परवडत नाही. मदरबोर्ड दिखाऊ नको, पण ज्याच्या वीज नियंत्रणाच्या भागावर धातूच्या पट्ट्या, म्हणजे हीटसिंक, बसवल्या आहेत असा घ्यावा. आपल्या उन्हाळ्यात तो भाग सर्वांत आधी कुरकुरतो.

पैसे कसे वाटावेत

पडदा आणि यूपीएस वगळून पेटीला १०० रुपये धरले, तर वाटणी साधारण अशी बसते : ग्राफिक्स कार्डाला ३८, प्रोसेसरला १६, मदरबोर्डाला १३, रॅमला १३, एसएसडीला ८, एसएमपीएसला ७ आणि कॅबिनेटला ५. भाव हलले की दोन-चार रुपये इकडचे तिकडे होतील, पण एसएमपीएसचे ७ कोणासाठीही कापू नयेत. चार रुपये वाचवायला गेल्यास बाकीचे ९३ धोक्यात येतात. महिन्याचा खर्चही सांगून ठेवतो. २४० वॅटांचे काम करताना ८५ टक्क्यांच्या हिशेबाने भिंतीतून सुमारे २८० वॅट जातात. रोज ४ तास खेळल्यास महिन्याला सुमारे ३४ युनिट, पडद्याचे वेगळे. बिल पाहून पुढे घरात वाद होण्यापेक्षा आधीच ठरलेले बरे.

घ्यावे कुठे? मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आताचा डॉ. भडकमकर मार्ग, या व्यापाराची जुनी पेठ. पुणे-नागपूर आहेतच, आणि हल्ली अवघी बाजारपेठ मोबाइलवर आली आहे. दूरच्या दुकानात चार पैसे कमी पडतात हे खरे. पण भाग बिघडला की तो पाठवायचा कोणी, ने-आणीचा खर्च कोणाचा, आणि तोवर यंत्र किती दिवस बंद, हा हिशेबही त्यात मांडावा. मधला मार्ग असा : भाव सगळीकडचे पाहावेत, यादी स्वतः करावी आणि तालुक्याच्या ओळखीच्या दुकानदाराला तीच यादी देऊन भाव विचारावा. थोडे अधिक पडले तरी जुळणी आणि पहिल्या दिवसांची तपासणी तो करून देतो. काही झाले तरी १८ टक्के जीएसटीचे पक्के बिल घ्यावे, आणि त्यावर प्रत्येक भागाचे नाव व अनुक्रमांक लिहून घ्यावा. ‘बिलाशिवाय इतके कमी’ हा सौदा म्हणजे वॉरंटी विकून टाकणे होय.

जुने कार्ड स्वस्तात मिळते. त्यात सारेच वाईट असते असे नाही. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची रीत बदलली आणि ते चलन ‘खोदण्यासाठी’ रात्रंदिवस राबवलेली असंख्य कार्डे बेकार होऊन जुन्या बाजारात आली. असे कार्ड घ्यायचेच झाले तर समोर अर्धा तास भारी खेळ चालवून, तापमान आणि पंख्याचा आवाज पाहून, बिलावरची उरलेली हमी तपासून घ्यावे. जनावराच्या बाजारात आपण दात पाहतो आणि चार पावले चालवून बघतो, तोच नियम येथे.

खेळ कशासाठी

शेवटी बापाच्या प्रश्नाकडे येतो. अभ्यास होतो का? होतो, परंतु तो पेटी करत नाही, मुलगा करतो. खेळातही दोन जाती ओळखाव्यात. पैसे लावून खेळायचे खेळ वेगळे. त्यांनी अनेक घरे पोखरली, आणि २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या अशा खेळांना बंदी घातली. त्याच कायद्याने ई-क्रीडेला मान्यता देऊन उत्तेजनही दिले आहे. दुसरी गोष्ट, खेळ खेळणाऱ्यांतूनच खेळ रचणारे निघतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ जगापुढे आणला. भारतीय पुराणकथांच्या जगात वावरणारी एक मुलगी त्याची नायिका आहे. ज्या ग्राफिक्स कार्डावर तो खेळता येतो, त्याच कार्डावर तशा खेळाचे रेखाटन, चित्रफितींचे संकलन आणि प्रोग्रॅमिंगचा सराव करता येतो. दार तेच आहे, आत जाऊन कोणत्या खोलीत बसायचे हे घराने ठरवायचे.

ते ठरवण्यासाठी यादी करण्याचे काम मुलाकडेच द्यावे. कोणता भाग, का, किती वॅटचा, किती वर्षांच्या हमीचा, हे त्याने वहीच्या एका पानावर लिहून घरच्यांना समजावून सांगावे. एसएमपीएसवरच्या तक्त्याचा गुणाकार त्याने बापासमोर करून दाखवावा. वायरमन येईल तेव्हा त्याच्याजवळ उभे राहून अर्थिंग कशी पाहतात ते शिकावे. एवढे करील त्या मुलाला यंत्राची किंमत कळेल आणि तेरा क्विंटल सोयाबीनचीही. पान लिहून झाले की बापाने तेवढे एकदा पाहावे : पहिल्या ओळीत काय लिहिले आहे, कार्डाचे नाव की घरची वीज? वीज असेल, तर पैसे द्यायला हरकत नाही.